वरचा मजला : बेस्टच्या बसताफ्याची वाटचाल

उद्याचे वाहन आजच मुंबईच्या रस्त्यावर आणून उभे करायचे, ही बेस्टची रीत बसच्याही आधीची आहे. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून पायधुणीला जायला तीन आणे पडत. १९०५ साली ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ने ही सेवा विकत घेतली, तेव्हा तबेल्यात १,३६० घोडे होते. दोनच वर्षांनी, ७ मे १९०७ रोजी, विजेची ट्राम धावली आणि घोड्यांचे काम संपले. सप्टेंबर १९२० मध्ये ट्रामवर दुसरा मजला चढला. वरच्या मजल्यावर बसून शहर पाहण्याची सवय मुंबईला लागली ती ट्रामपासून. बसने हा वारसा पुढे चालवला.

बस आली १५ जुलै १९२६ रोजी. कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंतचा तो पहिला मार्ग. ताफा अवघ्या २४ गाड्यांचा. स्वागत उत्साहात झाले, तरी बस रुळायला वेळ लागला. बरीच वर्षे ती वरच्या मध्यमवर्गाची सवारी समजली जाई. सामान्य माणूस ट्रामच पसंत करी, कारण ती स्वस्त होती. पहिल्या वर्षी डिसेंबरअखेर सहा लाख प्रवाशांनी बसने प्रवास केला, तर पुढच्या एका वर्षात हा आकडा ३८ लाखांवर गेला. १९३४ मध्ये बस शहराच्या उत्तर भागात पोहोचली आणि तिथल्या चाकरमान्यांनी तिला आपले म्हटले. बस ‘साहेबी’ राहिली नाही ती तेव्हापासून.

गर्दी वाढत गेली, रस्ते मात्र होते तेवढेच राहिले. बेटावरच्या शहराला रुंदीत वाढायला जागा नव्हती, तेव्हा बसने उंचीत वाढावे असा निर्णय झाला. १९३७ मध्ये दुमजली बस रस्त्यावर आली. एकमजली बसमध्ये ३६ प्रवासी मावत, दुमजलीत ५८. म्हणजे रस्त्यावर जवळपास तेवढीच जागा अडवून बावीस माणसे जास्त. हा हिशेब इतका पक्का होता की पुढची ऐंशीहून अधिक वर्षे तो बेस्टच्या कामी आला. १९४० मध्ये कुलाबा ते माहीम अशी पहिली ‘मर्यादित’ बस निघाली. मोजक्याच थांब्यांवर थांबणारी ही सेवा मुंबईकरांच्या तोंडी ‘लिमिटेड’ म्हणून बसली, आणि आजही तेच नाव चालते.

७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महानगरपालिकेने हा सारा व्याप ताब्यात घेतला. त्या वेळी २३ मार्गांवर २४२ बस धावत होत्या आणि रोज २ लाख ३८ हजार प्रवासी वाहून नेत होत्या. कंपनीची बस आता नागरिकांची झाली. नाव जुन्या नावाशी जुळेल असेच ठेवले गेले: ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट’, म्हणजे बेस्ट. वीज आणि वाहतूक ही दोन्ही कामे एकाच छताखाली राहिली. विजेच्या मिळकतीतून बसची तूट भरून काढायची ही व्यवस्था पुढे अनेक दशके शहराला परवडणारे भाडे देत राहिली. संस्थेच्या आर्थिक इतिहासात याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी नाही.

१९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेच्या हद्दी वाढल्या. आधी अंधेरी-घाटकोपरपर्यंत आणि मग दहिसर-मुलुंडपर्यंत शहर पसरले. बेस्टही त्याच्या मागोमाग गेली. या विस्ताराची खूण बसच्या क्रमांकांत उमटली आहे. दोनशेच्या घरातले क्रमांक पश्चिम उपनगरांचे, तीनशेचे पूर्व उपनगरांचे, आणि चारशेचे पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या मार्गांचे. पुढे पाचशेचे क्रमांक खाडी ओलांडून नवी मुंबईला गेले. समोरच्या पाटीवर देवनागरी आकडे आणि मराठी नाव लिहिण्याची पद्धत बेस्टने कसोशीने पाळली. गावाहून नव्याने आलेल्या माणसाला इंग्रजी येत नसले तरी ‘६६’ किंवा ‘१२३’ त्याला वाचता येत असे, आणि तेवढ्यावर तो शहरात कुठेही पोहोचू शके.

या सगळ्या काळात बस चालवली ती माणसांनी, आणि दुमजली बसला माणसे जास्त लागत. एक चालक आणि दोन वाहक. खालचा वाहक दाराशी, वरचा वाहक वर. खांद्याला चामडी पिशवी, हातात रंगीबेरंगी तिकिटांच्या गड्ड्या लावलेली पेटी, बोटांत तिकीट टोचायचा चिमटा. प्रवाशांच्या गर्दीतून वाट काढताना वाहक हा चिमटा पेटीवर टिकटिक वाजवत येई, आणि त्या आवाजाने पेंगलेल्या प्रवाशाचा हात आपोआप खिशाकडे जाई. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे निघा. चालकाला मागचे काही दिसत नसे, त्याचा सारा विश्वास त्या घंटीवर. खालच्या वाहकाला दारात लटकणारा प्रवासी पाहायचा, जिन्यातून उतरणाऱ्याला थोपवायचे, आणि मगच दोरी ओढायची. वरच्या मजल्यावर उभे राहायला मनाई होती. तो नियम पाळून घेणे वरच्या वाहकाकडे. हलत्या बसमध्ये, वळणाच्या अरुंद जिन्यावरून दिवसातून शेकडो वेळा चढउतार करत हे काम आठ तास करायचे, याला अंगमेहनत म्हणावी की कसब, हे ठरवणे कठीण आहे. ‘पुढे चला’ हे दोन शब्द या माणसांनी मुंबईच्या भाषेत कायमचे रुजवले.

बदरुद्दीन काझी हा असाच एक वाहक. प्रवाशांना नकला करून हसवत तिकिटे फाडणारा हा तरुण बलराज साहनींच्या नजरेत भरला, गुरुदत्तकडे गेला आणि ‘बाझी’पासून जॉनी वॉकर म्हणून देशाला माहीत झाला. त्याच्याइतके नाव बाकीच्यांना मिळाले नाही. पण पिढ्यानुपिढ्या कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो घरांची चूल बेस्टच्या पगारावर पेटली. बापानंतर मुलगा त्याच आगारात लागला, असे कितीतरी घरांत घडले.

साठचे दशक हे बेस्टच्या धाडसाचे दशक. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. त्या काळच्या मुंबईत याहून आधुनिक वाहन दुसरे नव्हते. चेकोस्लोव्हाकियाहून आणलेल्या या स्कोडा बनावटीच्या गाड्या रबरी टायरांवर चालत, पण ऊर्जा घेत डोक्यावरच्या विजेच्या तारांतून. ट्रामला एकच तार पुरे, कारण वीज रुळातून परत जाते. ट्रॉलीबसला रूळ नाही, म्हणून जायची एक आणि यायची एक अशा दोन तारा, आणि टपावर दोन लांब दांडे. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही, चढणीवर दम लागणे नाही. वळणावर एखादा दांडा तारेवरून निसटला की बस जागच्या जागी निपचित होई. मग खाली उतरायचे, मागे लोंबणारी दोरी धरायची, मान वर करून दांड्याचे टोक पुन्हा तारेला भिडवायचे, आणि मगच गाडी पुढे. मागच्या वाहनांचे भोंगे चालूच.

अडचणी वाढत गेल्या. तारांच्या जाळ्याबाहेर ही बस जाऊ शकत नव्हती, आणि बिघाड वारंवार होऊ लागले. २४ मार्च १९७१ रोजी ट्रॉलीबस बंद झाली. जेमतेम नऊ वर्षांचे हे आयुष्य. पण त्याला फसलेला प्रयोग म्हणणे अन्यायाचे ठरेल. विजेवर चालणारी, धूर न सोडणारी, रबरी चाकांची बस हेच आज जगभरच्या शहरांचे उद्दिष्ट आहे, आणि बेस्टने ते १९६२ मध्ये माझगावच्या रस्त्यावर चालवून दाखवले होते. तारेऐवजी बॅटरी यायला अर्धशतक लागले, इतकेच.

ट्रॉलीबस धावत असतानाच ट्रामचा अध्याय संपला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. रस्ते मोटारींना मोकळे झाले आणि शहराच्या रस्त्यावरचा सारा भार बसवर आला. याच दशकाच्या उत्तरार्धात बेस्टने आणखी एक वाहन आणले, जे पाहून परगावचा माणूस थबकत असे: पुढे स्वतंत्र ट्रॅक्टरसारखा तोंडवळा आणि मागे त्याला जोडलेला दुमजली डबा. चालकाची खोली प्रवाशांपासून संपूर्ण वेगळी. इंजिनाची उष्णता आणि आवाज पुढेच राही, मागचा डबा जास्त माणसे घेई. वळताना पुढचा भाग आधी वळे आणि मागचा दुमजली डबा सावकाश त्याच्या मागे येई. त्या लांबलचक गाड्या दक्षिण मुंबईच्या गल्ल्यांतून काढणाऱ्या चालकांचे कौशल्य त्यांच्या सहकाऱ्यांनीही वाखाणले. घंटीची दोरी हाच त्यांचा आणि वाहकांचा एकमेव संबंध.

पुढची पंचवीस वर्षे म्हणजे दुमजली बसचा भरभराटीचा काळ. अशोक लेलँडच्या टायटन गाड्या आल्या आणि लाल दुमजली बस हे मुंबईचे चित्र बनले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ताफ्यात ९०१ दुमजली बस होत्या. मंत्रालयाकडे जाणारा कारकून, सीप्झच्या कारखान्यांकडे जाणारी कामगार, शाळेतून परतणारी मुले, सर्वांसाठी ही बस होती. वरच्या मजल्यावरचे सर्वांत पुढचे आसन मिळावे म्हणून मुले एखादी बस सोडून देत. १२३ क्रमांकाच्या बसमधून मरीन ड्राइव्हवर समुद्राच्या वाऱ्याला तोंड देत जाणे ही मुंबईतली सर्वांत स्वस्त सहल होती, आणि पाहुणे आले की घरोघर तिची शिफारस होई.

ही बस रस्त्यावर ठेवण्यासाठी पडद्यामागे जे राबले, त्यांची नोंद क्वचितच होते. दादरच्या कार्यशाळेत गाड्या उघडून पुन्हा जोडल्या जात. आगारांतल्या रात्रपाळीत यांत्रिक आणि सफाई कामगार पहाटेच्या पहिल्या बसची तयारी करत. दुमजली बस ज्या रस्त्याने जाणार तिथल्या झाडांच्या फांद्या वेळच्या वेळी छाटाव्या लागत, लोंबणाऱ्या तारांकडे आणि पुलांच्या उंचीकडे लक्ष ठेवावे लागे. पहाटे चारच्या सुमारास आगाराच्या फाटकातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या गाडीमागे हे सगळे हात असत.

संकटेही शहराबरोबर वाट्याला आली. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत वरळीला सेंच्युरी बाजारजवळ बेस्टची बस प्रवाशांसह सापडली. दुसऱ्या दिवशी बस पुन्हा रस्त्यावर होत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल ठप्प झाल्या, पाण्यात बस जागच्या जागी रुतल्या, आणि असंख्य मुंबईकरांनी ती रात्र बसच्या आसनांवर काढली. चालक-वाहक प्रवाशांना सोडून गेले नाहीत. बसचा दिवा शाबूत होता तिथवर ती बस आसरा ठरली.

मात्र दुमजली बसची पिछेहाट तोवर सुरू झाली होती. कारणे साधी आणि कठोर होती. तिला दोन वाहक लागत, इंधन जास्त खाई, दुरुस्ती महाग. उड्डाणपूल, पादचारी पूल, तारा आणि खोदकामे यांच्या दाटीत तिचे मार्ग आक्रसत गेले. नव्या दुमजली गाड्या घेणे थांबले. २००९-१० अखेर त्यांची संख्या १२२ वर आली. मधल्या काळात बेस्टने आधुनिकतेचा दुसरा मार्ग चोखाळला. जांभळ्या तोंडाच्या वातानुकूलित बस आल्या, द्रुतगती मार्गांवरून लांबचा प्रवास थंड हवेत होऊ लागला. देखभालीचा खर्च आणि तोटा पेलेना, तेव्हा एप्रिल २०१७ मध्ये त्याही थांबवाव्या लागल्या.

बसला सांभाळून घेणारी विजेची मिळकतही नव्या कायद्यांमुळे आणि नियमनामुळे पूर्वीसारखी हाताशी राहिली नाही. तूट फुगली. एके काळी साडेचार हजारांच्या वर गेलेला ताफा घटू लागला. मेट्रो, सामायिक रिक्षा आणि दुचाकी यांनी प्रवासी ओढून नेले. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा संप नऊ दिवस चालला. संस्थेच्या इतिहासातल्या सर्वांत दीर्घ संपांपैकी तो एक. कामगारांच्या मागण्या खऱ्या होत्या आणि प्रवाशांचे हालही खरे होते.

त्याच वर्षी ९ जुलै रोजी बेस्टने उलट्या दिशेने पाऊल टाकले. तोटा असताना भाडे कमी केले. साध्या बसचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणि वातानुकूलित बसचे ६ रुपयांवर आले. महिन्या-दोन महिन्यांत थांब्यांवरच्या रांगा परतल्या. रिक्षाच्या भाड्यापेक्षा थंड बसचे तिकीट स्वस्त, ही गोष्ट शहराने चटकन ओळखली. त्याचबरोबर भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे पर्व सुरू झाले: गाडी आणि चालक कंत्राटदाराचा, वाहक आणि मार्ग बेस्टचा. या पद्धतीने ताफा टिकला, पण स्वतःच्या मालकीच्या बस घटत गेल्या, आणि ज्यांनी ही संस्था उभी राहताना पाहिली त्यांना त्याची खंत आहे. ती रास्त आहे.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. लोकल सामान्यांसाठी बंद झाल्या. डॉक्टर, परिचारिका, पालिकेचे सफाई कामगार, पोलीस यांना रोज कामावर न्यायचे आणि परत आणायचे काम बेस्टने केले. त्यासाठी चालक आणि वाहक रिकाम्या शहरातून बस चालवत राहिले. अनेकांना लागण झाली, अनेक जण परत आले नाहीत. त्या महिन्यांची कामगिरी या वाटचालीत पहिल्या ओळीत नोंदवावी लागेल.

शुक्रवार, १५ सप्टेंबर २०२३. अंधेरीच्या आगरकर चौकात ४१५ क्रमांकाची जुनी दुमजली बस फुलांनी आणि फुग्यांनी सजवून उभी होती. पंधरा वर्षांचे ठरलेले आयुष्य संपल्याने ही तिची शेवटची फेरी होती. निरोप द्यायला नेहमीचे प्रवासी, बसप्रेमी आणि ज्यांनी हिच्यावर नोकरी केली ते कर्मचारी आले होते. ५ ऑक्टोबर रोजी पर्यटकांना शहर दाखवणाऱ्या उघड्या टपाच्या जुन्या दुमजली बसही थांबल्या. जुन्या डिझेलच्या दुमजली बसची ८६ वर्षांची परंपरा तिथे संपली. त्या काळाच्या खुणा उरल्या त्या आणिक आगारातल्या, १९८४ मध्ये सुरू झालेल्या बेस्टच्या संग्रहालयात; तिथे जुनी तिकिटे, यंत्रे आणि वाहनांच्या प्रतिकृती जपून ठेवल्या आहेत.

पण रस्त्यावरचा वरचा मजला त्याआधीच परतला होता. १८ ऑगस्ट २०२२ रोजी विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली बसचे मुंबईत अनावरण झाले आणि २१ फेब्रुवारी २०२३ पासून ती छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते एनसीपीए या मार्गावर प्रवासी घेऊ लागली. दोन दारे, दोन जिने, सीसीटीव्ही, आणि चालताना टायरांच्या आवाजाखेरीज आवाज नाही. दांडा निसटण्याची भीती नाही, डोक्यावर तारा नाहीत. तिची वीज तिच्या पोटात आहे. रोजचा मार्ग संपला की गाडी कुलाबा आगारात परतते, चार्जिंगची जाड केबल तिला लावली जाते, आणि रात्रपाळीचा कर्मचारी वरच्या मजल्यावर जाऊन आसनांवरची धूळ पुसतो.

२०२२ मध्ये बेस्टच्या चालकाच्या आसनावर पहिली महिला बसली. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे १० आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये झाले. ताफा आज तीन हजारांच्या खाली आहे, प्रवासी मात्र रोज पंचवीस लाखांच्या आसपास. अफगाण चर्चहून निघालेल्या पहिल्या बसची शंभरी १५ जुलै २०२६ ची. तिचा पहिला प्रवास जिथून सुरू झाला तिथून थोड्या अंतरावर, कुलाब्याच्या आगारातून, पहाटे विजेची दुमजली बस बाहेर पडते. पहिल्या थांब्यावर चढलेला मुलगा खाली रिकाम्या आसनांकडे ढुंकूनही न पाहता जिन्याकडे धावतो.